कामांच्या तक्त्याबद्दल ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नाव कुठे येऊ देऊ नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. तुम्ही जे दाखवलंत ते छोट्या दुकानांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या पुष्कळ जणांच्या उपयोगाचं आहे, आणि ते इतक्या शांतपणे उलगडून सांगणारं माणूस सहजासहजी भेटत नाही.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावरचा अप्पा बळवंत चौक तुम्ही पाहिलाच. शाळा आपली यादी आमच्या पुस्तकांच्या दुकानाला एक्सेलमध्ये पाठवते: बालभारतीची पुस्तकं, दोनशे पानी वह्या, चित्रकला वही, नकाशे. यादी वेब अ‍ॅपमध्ये चढवली की मागे चालणारा वर्कर, म्हणजे पडद्याआड वेगळा चालणारा प्रोग्रॅम, इयत्तावार संच जुळवतो, साठा तपासतो आणि बिलांच्या पीडीएफ बनवतो. याला काही मिनिटं लागतात. वेब अ‍ॅप चालवणारा गनिकॉर्न हा सर्व्हर मुळात ३० सेकंदच वाट बघतो, तेवढ्यात उत्तर आलं नाही की ती प्रोसेस (अ‍ॅपची चालू प्रत) मारून टाकतो. त्यामुळे हे काम वेब अ‍ॅपच्या बाहेर काढणं भागच होतं. खरी अडचण त्यापुढची. बाहेर चाललेल्या कामाची खबर काउंटरवरच्या स्क्रीनपर्यंत आणायची कशी?

आमच्याकडे व्यवस्था आली ती अशी: वर्कर किती टक्के काम झालं ते वेब अ‍ॅपला कळवायचा आणि वेब अ‍ॅप ते आपल्या मेमरीत ठेवायचं. पण गनिकॉर्नच्या चार प्रोसेस, आणि प्रत्येकीची मेमरी वेगळी. खबर एकीला मिळायची, स्क्रीन विचारायची दुसरीला. म्हणून आकडा ६० वरून एकदम शून्यावर, पुन्हा ४० वर. पुढे कुणीतरी मध्ये रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसचं पब-सब, म्हणजे ऐकणाऱ्यांना निरोप पोचवायची सोय, बसवलं. आकड्याच्या उड्या थांबल्या, पण स्क्रीन मधूनच अडकायला लागली. पीडीएफ कधीच्या तयार, आणि स्क्रीनवर आपलं ‘तयार होत आहे’. मग काउंटरवरची मुलं पुन्हा बटण दाबायची आणि त्याच शाळेचे संच दोनदा निघायचे. बाहेर पावसात पालक ताटकळलेले.

ताई, तुम्ही त्या पालकांपैकीच एक होतात. मुलाची यादी घेऊन आला होतात आणि गर्दी ओसरल्यावर स्वतःहून थांबलात. तुमचा पहिलाच प्रश्न होता, “काम झालं, हे कुठे लिहून ठेवलंय?” कुठेच नव्हतं. वर्कर सांगायचा, कुणी ऐकलं तर ऐकलं. पब-सबमध्ये निरोप साठत नाही, त्या क्षणी जो ऐकत नाही त्याला तो पुन्हा मिळत नाही, हे तुम्ही स्वारगेटचं उदाहरण देऊन सांगितलंत. गाडीची घोषणा झाली तेव्हा माणूस पाण्याची बाटली घ्यायला गेला असेल तर घोषणा गेली ती गेली, पण फलाटावरची पाटी तिथेच असते. आमच्या अ‍ॅपमध्ये घोषणा होती, पाटीच नव्हती.

मग तुम्ही एका बिलाच्या मागे तक्ता काढलात, तो मी जपून ठेवला आहे. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये कामांचं एकच टेबल: कामाचा क्रमांक, स्थिती, किती टक्के झालं, चूक झाली असेल तर तिचा मजकूर, आणि वर्करने शेवटची नोंद केव्हा केली ती वेळ. वेब अ‍ॅपने ओळ टाकायची आणि लगेच २०२ हे उत्तर देऊन मोकळं व्हायचं, म्हणजे ‘काम स्वीकारलं, अजून झालेलं नाही’. वर्करने ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ ही आज्ञा वापरून, म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून, ओळ उचलायची. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.५ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. दोन वर्कर एकाच वेळी आले तरी एकाच ओळीवर हात पडत नाही.

माझ्या डोक्यात सगळ्यात पक्कं बसलं ते कमिटचं, म्हणजे डेटाबेसमधला बदल कायम करून सगळ्यांना दिसू देण्याचं, प्रकरण. आमच्या लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) अधूनमधून ‘काम सापडलं नाही’ अशी ओळ यायची आणि तिचं कारण कुणालाच कळत नव्हतं. तुम्ही लॉगमधल्या वेळा शेजारी शेजारी लावून दाखवल्यात. वेब अ‍ॅप डेटाबेसमध्ये ऑर्डर टाकायचं, रेडिसच्या रांगेत तिचा क्रमांक ढकलायचं आणि मग कमिट करायचं. वर्कर चपळ. कमिट व्हायच्या आत तो ऑर्डर शोधायला हजर, आणि त्याच्या दृष्टीने ती अजून अस्तित्वातच नाही. पोस्टग्रेसच्या नोटिफाय या निरोप पाठवण्याच्या सोयीत हा घोळ होत नाही, कारण निरोप कमिट झाल्यावरच बाहेर पडतो. त्याचीच दुसरी बाजूही तुम्ही तिथल्या तिथे सांगितलीत: वर्करने सगळं काम शेवटी एकदाच कमिट होणाऱ्या लांबलचक ट्रान्झॅक्शनमध्ये केलं, तर त्याने लिहिलेला टक्का शेवटपर्यंत कुणालाच दिसणार नाही. म्हणून ओळ उचलली की कमिट, प्रत्येक इयत्ता संपली की कमिट. हे वाचून कळतं असं मला वाटत नाही. कुणीतरी शेजारी बसून आपल्याच लॉगवर बोट ठेवून दाखवावं लागतं.

नोटिफायवरही तुम्ही विसंबू दिलं नाहीत. ऐकणारा जागेवर नसेल तर तोही निरोप वाया जातो, म्हणून निरोपात फक्त कामाचा क्रमांक, आणि वर्करने अधूनमधून स्वतःहून टेबल बघायचंच. निरोपाने फक्त जागं करायचं, खरं काय ते टेबलात. मध्येच वीज गेली आणि वर्कर मेला, तर ओळ ‘चालू’ अशीच पडून राहू नये म्हणून ती शेवटच्या नोंदीची वेळ. ती फार जुनी झाली की दुसरा वर्कर काम हाती घेतो. आणि एका यादीला एकच काम, ही अट थेट डेटाबेसवर. आता बटण कितीही वेळा दाबा, आधीचंच काम समोर येतं.

मला वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली कायम उघडी जोडणी, बसवायचं होतं. तुम्ही विचारलंत, “स्क्रीन किती आहेत? आणि टक्का दोन सेकंद उशिरा दिसला तर कुणाचं काय अडेल?” स्क्रीन हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि अडणार कुणाचंच नव्हतं. तेव्हा ब्राउझरने दर दोन सेकंदांनी विचारायचं, वेब अ‍ॅपने टेबल वाचून सांगायचं, संपलं. कायम उघडी राहणारी जोडणी आमच्या साध्या गनिकॉर्न प्रोसेसना झेपली नसती, चार स्क्रीन उघडल्या की चारही प्रोसेस अडकल्या असत्या. इतका अनुभव असलेल्या माणसाने साधा मार्ग सुचवावा आणि तो का पुरेल हेही पटवून द्यावं, याचं मला फार मोल वाटतं.

त्यानंतर स्क्रीन अडकलेली नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी चालू कामं जिथल्या तिथे दिसतात. काउंटरवरची मुलं आता पालकांना ‘पाचवीचे संच झाले, सहावीचे चालू आहेत’ असं छातीठोकपणे सांगतात. त्यांनीही तुम्हाला आवर्जून धन्यवाद कळवायला सांगितलं आहे.

मानधनाचा विषय काढला तर तुम्ही हातानेच थांबवलंत. शेजारच्या दुकानाचं सॉफ्टवेअर बघणारा मुलगा परवा हाच प्रश्न घेऊन आला होता. बिलामागचा तुमचा तक्ता मी त्याला समोर बसवून समजावला आणि त्याचा फोटो दिला. तुमची हरकत नसेल असं धरून चाललो आहे.

आपला कृतज्ञ,
अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळणारा