मैफल करणारा पियानोशिक्षक आणि नोकरीच्या अटी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकवणाऱ्या एका संस्थेची पियानोशिक्षकासाठीची जाहिरात नुकतीच वाचनात आली. उमेदवाराला मंचावर वादनाचा अनुभव असावा, ही त्यातली एक अट. आणि नेमणुकीनंतर त्याने संस्थेबाहेर कोठेही कार्यक्रम करू नयेत, ही तिच्याच खाली छापलेली दुसरी. ज्या गुणासाठी माणूस निवडायचा तोच गुण नोकरीवर रुजू होताच गंजत ठेवायचा, असा याचा अर्थ होतो. मैफली मिळेनाशा झाल्या की वादक शिकवण्यांकडे वळतो, हा आपल्याकडचा जुना समज या अटीच्या मुळाशी असावा. पियानोवादकांचा इतिहास मात्र तसे सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पियानोवादक क्लारा शुमान यांचे उदाहरण यासाठी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. पती, संगीतकार रॉबर्ट शुमान १८५६ साली वारले, तेव्हा हयात असलेल्या सात मुलांचा भार त्यांच्यावर होता आणि तो त्यांनी मुख्यतः युरोपभर दौरे करून, मैफलींच्या उत्पन्नावर पेलला. १८७८ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर असताना, फ्रँकफर्टच्या नव्याने निघालेल्या हॉख संगीत विद्यालयाने त्यांना बोलावले. तिथे जाताना त्यांनी घातलेल्या अटी आजच्या कोणत्याही वादकाने आपल्या करारनाम्याशेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत: शिकवणे स्वतःच्या घरी, दिवसाला दीड तासापेक्षा अधिक नाही, वर्षाला चार महिने सुट्टी, हिवाळ्यात छोट्या दौऱ्यांसाठी मोकळीक आणि हाताखाली दोन साहाय्यक, ज्या जागांसाठी मेरी आणि ऑयगेनी या आपल्या मुलीच त्यांच्या मनात होत्या. विद्यालयाने हे मान्य केले. सुरुवातीच्या अध्यापकवर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या वादनाची किंमत विद्यालयाला किती वाटत होती ते कळते. १८९१ मध्ये त्यांनी शेवटची जाहीर मैफल केली आणि पुढच्याच वर्षी विद्यालयही सोडले. फॅनी डेव्हिस आणि अडेलिना डी लारा या त्यांच्या शिष्यांची ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात. त्या दीड तासांतून काय निघाले ते ज्याने त्याने कानाने पडताळावे.

त्याच काळातले नामवंत पियानोवादक फ्रान्झ लिस्ट यांनी पस्तिशीतच पैशासाठी मैफली करणे थांबवले आणि पुढे वायमारमध्ये फी न घेता शिकवले, हे खरे. पण ती चैन लिस्ट यांनाच परवडणारी होती.

अलीकडच्या काळातले पियानोवादक मेनाहेम प्रेसलर १९५५ साली इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले, त्याच वर्षी बो आर्ट्स ट्रायो या त्यांच्या पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा त्रिकुटाची पहिली मैफल झाली, आणि २००८ मध्ये ते त्रिकूट थांबेपर्यंत त्यांची दोन्ही कामे अखंड चालली. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ते श्नाबेल यांचे शिष्य. श्नाबेल लेशेटिट्स्की यांचे, लेशेटिट्स्की चेर्नी यांचे आणि चेर्नी थेट बेथोव्हनचे. घराणे म्हणावे अशीच ही परंपरा. १९५९ पासून फ्लायशर बाल्टिमोरच्या पीबडी संगीत संस्थेत शिकवत होते. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे आपोआप आत वळू लागली आणि दोन्ही हातांचे वादन कित्येक वर्षे बंद पडले. वाजवून दाखवता येईना, तेव्हा जे हवे ते शब्दांत नेमके सांगणे भाग पडले व त्यामुळे आपले शिकवणे सुधारले, असे ते म्हणत. तरीही त्यांनी मंच सोडला नाही: डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या, वाद्यवृंदांचे संचालन केले आणि अखेर १९९० च्या दशकात दोन्ही हातांनी पुन्हा वाजवू लागले. मंचावर पाय टेकून राहण्याची ही धडपड वर्गातल्या कामापासून वेगळी काढता येईल असे मला वाटत नाही.

याचे कारण या वाद्यातच आहे. पियानोवादक आपले वाद्य बरोबर नेऊ शकत नाही. प्रत्येक सभागृहात वाट्याला येईल त्या पियानोच्या पट्ट्यांचे वजन, पेडलची (सूर लांबवणाऱ्या पायपट्टीची) पकड आणि दालनातला घुमारा यांच्याशी त्याला तासा-दोन तासांत जुळवून घ्यावे लागते. आपल्याकडचा विद्यार्थी बहुधा घरी डिजिटल पियानोवर सराव करतो. सभागृहातल्या नऊ फुटी ग्रँड पियानोवर बसला, की घरी स्वच्छ वाटणारे त्याचे पेडल खर्जातल्या सुरांचा चिखल करते, कारण पेडल कागदावरील खुणेने नव्हे तर दालन ऐकून दाबायचे असते. हे गेल्याच महिन्यात अनोळखी पियानोवर वाजवून आलेला शिक्षक चटकन सांगू शकतो. आपल्या गायकाचा शिष्य तानपुरा घेऊन गुरूच्या मागे बसतो आणि मैफल आतून पाहतो. पियानोच्या शिष्याला मंचावर अशी जागाच नसते. गुरू तिथून जे घेऊन येईल, तेवढेच त्याला वर्गात मिळते. ते मिळाले नाही तर वर्षभर परीक्षेच्या तीन रचना, स्वरसप्तके आणि पुढची श्रेणी एवढेच शिक्षण उरते. मुंबईत ओल्गा क्रेन यांच्यासारख्या वादकांनी मैफल आणि शिकवणी दोन्ही सांभाळली होती, तेव्हा ही गोष्ट आपल्याला अपरिचित आहे असेही नाही.

पालकांची तक्रार मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. शिक्षक दौऱ्यावर गेला की तास बुडतात, फी मात्र पूर्ण द्यावी लागते. पण त्यावरचा उपाय कार्यक्रमांवर बंदी हा नव्हे. वादनाच्या रजेचे आठवडे सत्राच्या आरंभीच जाहीर करावेत, बुडालेले तास भरून द्यावेत आणि त्या काळात वर्ग पाहील असा साहाय्यक संस्थेने पगार देऊन नेमावा. सदर संस्थेने जाहिरातीतली दुसरी अट काढून तिच्या जागी एवढी तीन वाक्ये छापावीत, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे