सौरचूल बसवल्यानंतरचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमरावतीला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात बांचा हे लहानसे आदिवासी गाव आहे. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या सौरचूल स्पर्धेसाठी मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेली चूल २०१८ च्या अखेरीपर्यंत तेथील सुमारे ७५ घरांत पोहोचली आणि सरपणाविना स्वयंपाक करणारे गाव म्हणून बांचाचे देशभर नाव झाले. हे कौतुक योग्यच होते, कारण या विद्यार्थ्यांनी उन्हाआधी स्वयंपाकघर पाहिले होते. आरशाच्या झाकणाच्या पेटीवजा सोलर कुकरमध्ये वरणभात चांगला शिजतो, पण त्याला दोन-तीन तास लागतात, त्यात भाकरी भाजता येत नाही की फोडणी देता येत नाही, आणि दिवस उजाडताच मजुरीला निघणाऱ्या बाईला तर त्याचा काहीच उपयोग नसतो. बांचामध्ये मात्र सौर पॅनेलची वीज बॅटरीत साठवून घरातल्या शेगडीला दिली गेली, त्यामुळे सूर्य मावळल्यावरही चूल चालू शकली.

उन्हावर अन्न शिजवणे मुळात नवे नाही. विल्यम अ‍ॅडम्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७८ च्या सुमारास मुंबईतच आरशांच्या चुलीवर सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजवून दाखवले होते. अडते ते खर्चापाशी आणि देखभालीपाशी. बांचातील एका संचाची किंमत त्या वेळी ७० ते ८० हजार रुपयांच्या घरात सांगितली जात होती. मजुरी करणारे कुटुंब ती स्वतः देऊ शकत नाही, आणि काही वर्षांनी बॅटरी थकल्यावर नवी कोणी घ्यायची हा प्रश्न उरतोच. आयआयटीच्याच सौर अभ्यासदिव्यांच्या उपक्रमात याचा विचार झाला होता. विद्यार्थ्यांना दिवा सवलतीत १२० रुपयांना मिळत असे, आणि गावातल्याच लोकांना त्याची जुळणी व दुरुस्ती शिकवलेली असे.

आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सौरचुलीचे नमुने तयार होतात, प्रदर्शनात मांडले जातात, गुण मिळतात आणि मग बहुधा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खातात. याच महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथके असतात, त्यांची दत्तक गावे असतात आणि तेथे दरवर्षी सात दिवसांचे शिबिरही होते. रस्ते झाडण्यात आणि फलक रंगवण्यातच ते संपवण्यापेक्षा (हे कामही आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही) आधीच्या तुकडीने बसवलेल्या चुली चालतात की नाही, हे पुढच्या तुकडीने दरवर्षी तपासावे, गावातील दोघा-तिघांना, त्यातही महिलांना, दुरुस्ती शिकवावी आणि नोंदवही ठेवावी. विद्यापीठांनी प्रकल्पाचे काही गुण या नोंदींसाठी राखून ठेवावेत आणि बॅटरी बदलण्याचा खर्च कोण करणार हे लिहिल्याशिवाय असा प्रकल्प मंजूर करू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा