शेवटची ओळ वाचता येते म्हणून...

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, चष्मा लावून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचते मी. मग थेंब घालून डोळ्याचा पडदा कशाला तपासायचा?" मी गप्प झाले, कारण सहा वर्षांपूर्वी मीही मनाशी अगदी हेच म्हटलं होतं.

हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धर. त्या नखाएवढ्याच भागातलं आपल्याला अगदी लख्ख दिसतं. बाकीचं सगळं मोघम असतं, पण नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते, म्हणून ते कळत नाही. तक्ता वाचताना तू हाच मधला भाग वापरतेस. डोळ्याच्या मागे उजेड टिपणारा जो पडदा असतो, त्याच्या मधोमध जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा पीतबिंदू असतो. त्यातल्या खळग्याचा तळ मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा. तिथे फक्त शंकूपेशी, म्हणजे बारकावे टिपणाऱ्या पेशी, दाटीवाटीने उभ्या. वाटेत सावली पडू नये म्हणून वरचे थर बाजूला सरकलेले असतात आणि रक्तवाहिन्याही तिथे जात नाहीत. शिवाय तिथल्या एकेका शंकूपेशीला मेंदूकडे निरोप धाडायला जवळजवळ स्वतंत्र तार मिळते. अक्षरं वाचता येतात ती त्यामुळे.

काठाकडचा कारभार निराळा. साऱ्या पडद्यात मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी बारा कोटींच्या घरात, शंकूपेशी साठ लाख, आणि मेंदूकडे निरोप नेणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू मात्र दहा-बारा लाखच. म्हणून काठाजवळ शेकडो दंडपेशी मिळून एकच निरोप पाठवतात. अक्षर त्यात विरून जातं, पण अगदी मंद उजेडही पकडला जातो. अंधुक चांदणीकडे थेट पाहिलं की ती नाहीशी होते आणि जरा बाजूला पाहिलं की परत दिसते, हे तूच मला लहानपणी दाखवलं होतंस. बाजूने येणारी गाडी, पायाखालची पायरी, काहीतरी हललं ही जाणीव, हे सारं काठ सांभाळतात. त्यांना दुय्यम समजणं मला पटत नाही.

तुझा मायनस नंबर मोठा आहे. असा डोळा मागे लांबलेला असतो आणि पडदा ताणला जाऊन काठाशी विरळ होतो. तुझ्या कागदावर 'लॅटिस' लिहिलंय ते हेच. घाबरू नकोस, लॅटिस असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण डोळ्यातला जेलीसारखा द्रव वयाबरोबर पातळ होऊन पडद्यापासून सुटू लागतो, मोठ्या नंबरात जरा लवकरच. विरळ जागी तो घट्ट चिकटलेला असला तर ओढ बसते आणि पडद्याला भोक पडू शकतं. त्यातून पाणी मागे शिरलं की पडदा सुटतो. हे दुखत नाही. पडद्याला वेदना कळत नाही, ओढ बसली तरी त्याला उजेडच दिसतो.

मला तसेच दिसले होते. अंधारात डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं, मग काळे ठिपके तरंगू लागले, मग नाकाच्या बाजूला खाली सावली आली. वाचता येत होतं, म्हणून मी चार दिवस काढले. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. पाचव्या दिवशी ओळी वाकड्या दिसू लागल्या. पाणी पीतबिंदूखाली पोचलं होतं. त्या खळग्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, सगळं पोषण मागच्या थरातून येतं. त्या थरापासून पडदा सुटला की तिथल्या पेशी उपाशी पडतात. शस्त्रक्रियेने पडदा बसला, पण त्या डोळ्याला ओळी अजून वाकड्याच दिसतात. आदल्या आठवड्यात भोक सापडलं असतं, तर भोवती लेझर करून बहुधा भागलं असतं.

म्हणून थेंब घालून घे. बाहुली मोठी झाल्याशिवाय काठ नीट दिसत नाहीत. डॉक्टर कपाळावर दिवा लावून वर, खाली, कडेला बघायला सांगतील, थोडं दाबतीलही. नंतर काही तास जवळचं धूसर दिसेल, उजेड खुपेल. सोबत कुणाला तरी ने, गाडी चालवू नकोस. आणि अधूनमधून एकेक डोळा झाकून बघत जा. चमक, नवे ठिपके किंवा सावली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा, मला नंतर कळवलंस तरी चालेल.

तपासणीनंतर डॉक्टर पडद्याचं गोल चित्र काढून कुठे काय आहे त्याच्या खुणा करतात. तुझ्या दोन्ही डोळ्यांचं चित्र मला पाठव. मी माझ्याशेजारी ठेवून बघेन.

तुझी,
आई