वारीतल्या टपरीवाल्या दादांचे आभार

जुन्या ढाक्यातलं वारी (पंढरपूरशी काही संबंध नाही). भर दुपारी बलधा गार्डनबाहेर आमच्यातल्या काकूंना उन्हाने घेरी आली. समोरच्या चहाटपरीवाल्या दादांनी बाकडं रिकामं केलं, काकूंना आडवं करून पायांखाली विटा लावल्या, खांद्यावरचा गमछा भिजवून मानेला गुंडाळला. नीट शुद्ध येईपर्यंत पाण्याचा थेंब दिला नाही, ठसका लागतो.

मग ओरस्यालाइनचं, म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायच्या मीठ-साखरेच्या भुकटीचं (ओआरएस) पाकीट निघालं. आमच्यातलं कुणी ते लिटरच्या बाटलीत ओतायला गेलं, कारण आपल्याकडे लिटरचीच सवय. दादांनी मनगट धरलं: "आधा लिटार!" तिथलं नेहमीचं पाकीट अर्ध्या लिटरचं, पाणी जास्त झालं तर पातळ होतं, कमी पडलं तर खारट होऊन बाधतं. अर्धं पाकीटही चालत नाही, मीठ-साखर सारखी येईलच असं नाही. त्यांनी सीलबंद बाटली फोडली, पाकिटाच्या कोपऱ्यातली भुकटीसुद्धा टिचकी मारून पाडली आणि बुचाने घोट-घोट पाजत राहिले. या औषधाच्या १९६८च्या चाचण्या ढाक्याच्याच कॉलरा प्रयोगशाळेने केल्या होत्या, हे नंतर आठवलं.

बाटलीचे पैसे घेतले, पाकिटाचे नाही. हुड वर करून, खड्ड्यापाशी उतरून सायकलरिक्षा हाताने ओढत नेणाऱ्या रिक्षावाल्या चाचांचेही मनापासून आभार. काकू ठणठणीत आहेत.