पाण्याच्या गोळीबद्दल

प्रिय सुमे,

पत्र मिळालं. पाय सुजल्यामुळे साबण लावून जोडवी काढलीस हे वाचून हसू आलं, पण शेवटच्या ओळीला थबकले. शेजारच्या वहिनींकडून पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवून सूज उतरवणारी, आणून रोज अर्धी घेतेस? अगं, याच वाटेने मी दोन वर्षं फिरले आहे.

माझंही असंच होतं. सकाळी चेहरा जड, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतलेला. हृदय, लिव्हर, थायरॉइड, लघवीतलं प्रोटीन, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर ‘मनाला लावून घेऊ नका’ असं सांगून बोळवण केली. सूज पायावर आणि उपचार मनावर! मग मीच फ्युरोसेमाइड, म्हणजे अशीच पाण्याची गोळी, सुरू केली. दोन दिवस पाय हलके, गोळी चुकली की दुपटीने सूज.

पुढे एका डॉक्टरबाईंनी कारण समजावलं. नळ एक दिवसाआड झाला की आपण कळशीपासून वाटीपर्यंत सगळं भरून ठेवतो ना, तसंच मूत्रपिंडाचं होतं. गोळी मीठ-पाणी काढते, मग शरीर उरलेलं धरून बसतं. १९७९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ग्रॅहॅम मॅक्ग्रेगर आणि सहकाऱ्यांनी हेच मांडलं होतं, की अशा पुष्कळ बायकांची सूज गोळ्यांमुळेच टिकते. शिवाय गोळीने रक्तातलं पोटॅशियम उतरतं. माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे ते त्यामुळेच.

बाईंनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वजन लिहायला लावलं. एकदा सकाळी ५८.२, रात्री ६०.१! दिवसभरात १.४ किलोहून जास्त वाढलं तर कारण न सापडणाऱ्या सुजेच्या या विकाराचा (इडिओपॅथिक एडिमा) संशय घेतात म्हणे. मग त्यांच्या देखरेखीखाली गोळी बंद केली. पहिले दोन आठवडे भयंकर गेले, बांगडी मनगटावरून हलेना. रडले सुद्धा. तिसऱ्या आठवड्यात ओसरायला लागलं.

आता पापड-लोणचं सणापुरतं, मीठ दिवसाला एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. दुपारी अर्धा तास पाय उशीवर, बाहेर जाताना घट्ट मोजे. आणि चतुर्थीला दिवसभर कडकडीत उपास करून रात्री मोदकांवर ताव मारणं सोडलं. उपाशी राहून एकदम गोडधोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि शरीर मीठ धरतं. सासूबाई अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

तू बीपीची अ‍ॅम्लोडिपिन घेतेस ना? तिनेही घोट्याला सूज येते, डॉक्टरांना आवर्जून सांग. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन घेत असलीस तर तेही. आणि एकाच पायाला अचानक सूज येऊन दुखलं किंवा धाप लागली, तर माझ्या पत्रांची वाट बघू नकोस, थेट दवाखाना गाठ.

पाण्याची गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नकोस. आधी रिपोर्ट घेऊन जा. शनिवारी रिकामी आहेस का? मी येते सोबत. येताना जोडवी घेऊन ये, सोनाराकडून सैल करून आणू.

तुझी,
मंदा