काकाजी, तुम्ही ‘कास्तकार’ लिहिलं

काकाजी, नमस्कार.

या महिन्याअखेर तुम्हाला पासष्ट पूर्ण होतात आणि आपल्या गावचं डाकघर दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल, हे कळल्यापासून मन थाऱ्यावर नाही. तोंडावर सांगायला आले असते तर रडले असते. म्हणून इथं, सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४६व्या वर्षी, पुण्यातली नोकरी सोडून मी आर्वी तालुक्यातल्या आपल्या गावात आईजवळ राहायला आले. २३ वर्षं जवळजवळ निम्मा पगार बाजूला टाकला होता. वर्षाच्या खर्चाच्या २५पट साठलं की थांबायचं असं ऐकून होते. आईचं दुखणंखुपणं धरून मी ३०पट होईपर्यंत थांबले. पैशाचा हिशेब पक्का होता. सकाळचे नऊ वाजले की मात्र हातपाय गळायचे. कुठं जायचं? कुणासाठी आवरायचं? वाटेत भेटेल तो विचारायचा, “काहून आली वो? नोकरी गेली का?” आईसुद्धा पाहुण्यांना सांगायची, “सुट्टीवर आली.”

त्याआधी शहरातल्या एका बँकेत मी मुदत ठेव मागितली, तर तिथल्या साहेबांनी युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी, गळ्यात मारली. पेन्सिलीच्या खुणा करून, “मॅडम, इथं, इथं आणि इथं सही.” पाच वर्षं पैसे अडकले, हे घरी येऊन कागद वाचल्यावर कळलं. जाब विचारायला गेले तेव्हा नोकरी सोडल्याचं ऐकून त्यांनी मला न विचारताच कागदावर ‘गृहिणी’ लिहून टाकलं. जन्मभर घर ओढणारी माझी आई गृहिणीच आहे, त्या शब्दात काही कमीपणा नाही. पण माझी २३ वर्षं त्या माणसानं मान वर न करता पुसली. तो राग अजून गेलेला नाही.

मग आईच्या नि माझ्या नावानं मासिक उत्पन्न योजनेचं खातं काढायला तुमच्याकडे आले. जुन्या पाकिटाच्या पाठीवर तुम्ही आकडा मांडला: १५ लाख, ७.४ टक्के, महिन्याला ९,२५० रुपये. वर म्हणालात, “हे पाच वर्षं एवढंच राहीन बेटा, किराणा मात्र वाढत जाईन. सारा पैसा इथंच नको ठेवू.” खातं काढून घ्यायला बसलेला माणूस असं सांगतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ आला आणि मी गप्प झाले. तुम्ही थांबलात. शाईनं निळी झालेली बोटं कागदावर तशीच.

“बाबाचं वावर कोणाच्या नावानं झालं?”

“साडेतीन एकर माझ्या नावावर आहे.”

“मंग कास्तकार हायेस ना तू.”

सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत तुम्ही ‘कास्तकार’ लिहिलं. मग कागद माझ्याकडे फिरवलात. “वाचून घे बेटा. चुकलं त नाही ना?”

काकाजी, तो फिरवलेला कागद मी विसरू शकत नाही. घरी जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. दुसऱ्या दिवशी बाबांची टोपी डोक्यावर घालून वावरात गेले. धुऱ्यावरचं गवत काढायला लागले, ते आजवर.

तुम्ही ग्रामीण डाकसेवक, त्यामुळे तुम्हाला सरकारी नोकरासारखं पेन्शन नाही, हे मला आता कळलं. मी ४६व्या वर्षी थांबले आणि तुम्ही पासष्टीपर्यंत दुसऱ्यांच्या म्हातारपणाची पासबुकं भरत राहिलात. गावातल्या किती विधवा बायांना तुम्ही आकडा मोठ्यानं वाचून दाखवता, नोटा दोनदा मोजून हातात देता, ते मी रांगेत उभी राहून पाहिलं आहे. कुणी सांगितलं म्हणून तुम्ही ते करत नाही. असा माणूस गावात असला की म्हातारी माणसं निर्धास्त झोपतात.

यंदा पऱ्हाटीत तुरीच्या ओळी चांगल्या धरल्या आहेत. निघाल्या की पहिली पायली तुमच्या घरी घेऊन येते. तेव्हा नाही म्हणू नका, आणि काकूंना सांगा, डाळ मी भरडूनच आणीन.

तुमची,
पोस्टाच्या मागच्या गल्लीतली कास्तकार