ब्रेकवर पाय नको

ऑकलंड,
आषाढ वद्य षष्ठी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, आम्ही दोघं धडधाकट आहोत. रोज फोन होतो तरी हिला पत्र लिहायची हुक्की का आली, असं आई म्हणणारच. एक तर बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही, फोनवरची बारीक अक्षरं नकोत. म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय. दुसरं म्हणजे सहलीतली एक गोष्ट मी फोनवर गाळली होती. ती क्रमाने येईल. बाबा, आधी बीपीची गोळी घेतली नसेल तर घ्या.

विमानाने क्राइस्टचर्चला उतरलो आणि तिथून आठ दिवसांसाठी भाड्याची गाडी घेतली. आम्ही राहतो ते न्यूझीलंडचं उत्तरेकडचं बेट, इकडे थंडी म्हणजे नुसता गारठा. खरा हिवाळा दक्षिण बेटावर. तुमच्याकडे चिखल, छत्र्या, वारीचे अभंग, आणि इकडे त्याच आषाढात सकाळी काचेवरचं दव खरवडून काढायचं! सूर्य आठला उगवतो आणि पाच-सव्वापाचला मावळतो. म्हणजे गाडी चालवायला दिवस जेमतेम नऊ तासांचा, त्यातले पहिले दोन तास रस्ता गोठलेला.

गाडी ऑटोमॅटिक होती. बाबा, तुमचा चेहरा इथून दिसतोय मला. "गिअर नाही ती गाडी कसली, पाळणा आहे तो!" पण रस्त्याची बाजू आपलीच, डावी, त्यामुळे हात-पाय आपोआप चालतात. तुम्हाला आवडले असते ते इथले एका गाडीपुरते पूल. दोन्ही बाजूंना पाटी असते, तिच्यावर एक मोठा बाण आणि एक छोटा लाल बाण. ज्याच्या बाजूचा बाण लाल, त्याने थांबायचं. ना हॉर्न, ना डिपर, ना खाली उतरून हमरीतुमरी. समोरचा पूल ओलांडून येतो, स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो आणि निघून जातो. तीस वर्षं तुम्ही कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर लाल डबा चालवलात, त्यातलं वर्षभर तरी समोरच्याला मागे घ्यायला लावण्यात गेलं असेल.

एकादशीला आम्ही टेकापोला होतो. क्राइस्टचर्चहून तीन तास. तिथल्या तळ्याचा रंग फोटोत पाहून आई म्हणाली होती, "नीळ टाकलीय का गं पाण्यात?" नीळ नाही, दगडाचं पीठ आहे ते. वरच्या हिमनद्या खडक घासत, दळत खाली सरकतात, ते पीठ इतकं बारीक की तळाशी बसत नाही, पाण्यातच तरंगत राहतं आणि उन्हात असा रंग दिसतो. तळ्याच्या काठावर 1935 साली बांधलेलं दगडी चर्च आहे, आपल्या गावाबाहेरच्या देवळाएवढंच. आई, उपास मोडला नाही. साबुदाणा मी ऑकलंडहून भिजवून डब्यातून नेला होता. दाण्याच्या कुटाची मात्र पंचाईत झाली. मोटेलच्या स्वयंपाकघरात सहा प्रकारचे चमचे, पण कुटायला काही नाही. शेवटी भाजलेले दाणे स्वच्छ टॉवेलात बांधले आणि जावईबापूंनी ते पाण्याच्या बाटलीने ठेचले. कूट ओबडधोबड झालं. खिचडी मोकळी झाली होती, खोटं नाही सांगत.

त्या भागात रात्री दिवे जपून लावतात. रस्त्यावरच्या दिव्यांनाही वरून झाकण. 2012 पासून तो काळोख राखीव म्हणून जाहीर केलाय. आपल्याकडे जंगल राखीव असतं, तसं इथे आकाश. एकादशीचा चंद्र भलताच वर होता, म्हणून पहाटे तो मावळल्यावर साडेपाचला गजर लावून उठलो. बाहेर उणे सहा. आईने विणलेली कानटोपी, तिच्यावर आणखी एक टोपी. ईशान्येला टेकडीच्या वर, बाबा, कृत्तिका! तुम्ही थंडीत रातराणी घेऊन यायचात आणि मला अंगणात उभं करून "तो बघ मोत्यांचा घोस" म्हणायचात, तोच घोस. इथले माओरी लोक त्याला मातारिकी म्हणतात. हिवाळ्यात तो पहाटे पुन्हा दिसू लागला की त्यांचं नवं वर्ष सुरू होतं आणि 2022 पासून त्यानिमित्त देशभर एक दिवस सुट्टी असते. मला सहा तारे मोजता आले. जावईबापू आठ म्हणतात. त्यांचा चष्मा नवीन आहे.

आओराकी पर्वताबद्दल फारसं लिहीत नाही, कारण दोन दिवसांत तो आम्हाला एकूण वीस मिनिटं दिसला. उंची 3724 मीटर. पहिल्यांदा एव्हरेस्टवर चढलेले हिलरी याच डोंगरांत घडले. मूळचे मधमाश्या पाळणारे! इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे, एक नोट पाकिटात घातलीय.

आता ती गोष्ट.

तिसऱ्या दिवशी आम्ही लिंडिस पास ओलांडत होतो. 971 मीटरवरची खिंड. दोन्हीकडे झाड म्हणून नाही, नुसते गोल गोल डोंगर, त्यांच्यावर तांबूस गवताचे झुबके आणि झुबक्यांच्या बुडाशी भुरभुरलेला बर्फ. सकाळचे साडेनऊ. रस्ता काळा, कोरडा, स्वच्छ. मी चालवत होते, वेग साठच्या आसपास. एका वळणावर डोंगराची सावली होती. त्या सावलीत शिरलो आणि टायरचा आवाज बंद झाला. बाबा, घरातला पंखा अचानक बंद पडल्यावर कसं वाटतं, तसं. पाठोपाठ स्टेअरिंग हलकं झालं, जणू खाली चाकंच नाहीत. इथे त्याला ब्लॅक आइस म्हणतात. डोंगरातून झिरपलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं, त्याचा थर काचेसारखा असतो आणि त्यातून खालचं डांबर दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. गाडीची शेपटी उजवीकडे निघाली. शेजारून "ब्रेक! ब्रेक!" असा आवाज आला.

माझा पाय ब्रेकपर्यंत गेलाही होता. पण मलकापूरच्या बाजार मैदानात तुम्ही मला जीप शिकवत होतात, तो जूनचा पहिला पाऊस आठवतोय का? मी कचकन ब्रेक मारला होता आणि गाडी गर्रकन फिरली होती. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "ब्रेकवर पाय नको. पहिल्या पावसात डांबरावर तेल वर येतं. ब्रेक मारलास की चाक थांबतं, गाडी थांबत नाही. जिकडं जायचंय तिकडं बघ आणि स्टेअरिंग धरून ठेव." एकोणीस वर्षं झाली त्याला. पाय उचलला. वळणाच्या पुढे ऊन पडलेला रस्ता होता, त्याच्याकडे बघत राहिले. शेपटी परत मागे आली. वेगही कमी झाला. शेवटी गाडी माणसाच्या चालीने डावीकडे घसरत गेली आणि पुढचं चाक साइडपट्टीच्या खाली बर्फाने भरलेल्या चरीत उतरलं. खरचटलं ते फक्त बंपरला. समोरून त्या वेळी कुणी येत नव्हतं, हे आमचं नशीब, त्यात माझं कौशल्य काही नाही.

फोनला रेंज नव्हती. दहा-पंधरा मिनिटांनी एक म्हातारे शेतकरी आले. अशा थंडीत हाफ चड्डी आणि गुडघ्यापर्यंत गमबूट! मागच्या हौद्यात एक कुत्रा. काय झालं वगैरे काही विचारलं नाही. खाली वाकून हुक लावला, दोर बांधला आणि मला म्हणाले, चाकं सरळ ठेव. दोन मिनिटांत गाडी वर. पैसे द्यायला गेले तर हात झटकला. मग आईच्या पद्धतीचा पातळ पोह्यांचा चिवडा पुढे केला, तो मात्र घेतला. कढीपत्त्याचं पान दोन बोटांत धरून उलटसुलट बघितलं आणि खाल्लं. जाताना एवढंच बोलले की इकडे साडेदहाच्या आत निघू नका, रस्त्यावर ऊन पडू द्या. तुम्हीही पावसाळ्यात अंबा घाटाबद्दल असंच बोलायचात, उजाडू दे मग निघ.

त्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तुमच्याकडे दुपारचा दीड वाजला होता. तुम्ही विचारलंत, "रस्ता कसा?" मी म्हणाले, "मस्त." आईने विचारलं, "जेवलात का?" आणि विषय संपला. जावईबापू बाजूला बसून माझ्याकडे बघत होते.

पुढे मिलफर्ड नावाच्या समुद्राच्या खाडीकडचा रस्ता. 'ते आनाऊ' नावाच्या गावापासून मिलफर्ड साधारण 120 किलोमीटर. आम्ही निघायच्या दिवशीच रस्ता बंद. हिवाळ्यात वरच्या कड्यांवर बर्फाचे ढीग साचतात, ते कुणाच्या अंगावर कोसळू नयेत म्हणून रस्ता बंद करून हेलिकॉप्टरमधून सुरुंग टाकतात आणि बर्फ आपणहून खाली पाडतात. दरड कोसळायची वाट बघत बसायचं नाही, तिला वेळ ठरवून बोलवायचं! दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला, पण चाकांना साखळ्या लावा अशी पाटी. साखळ्या गाडीबरोबर भाड्याने मिळाल्या होत्या. रस्त्याकडेला जावईबापू बर्फात आडवे झाले आणि वीस मिनिटं खटपट करून साखळ्या चढवल्या. मागच्या चाकांना. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. बाबा, हसू नका. काढल्या, पुढच्या चाकांना चढवल्या, हातमोजे भिजून कडक झाले होते. मग चाळीसच्या वेगाने खडखडत होमर बोगद्यापर्यंत.

तो बोगदा तुम्ही बघायला हवा होता. 1935 साली, मंदीच्या काळात, बेकारांना काम म्हणून मूठभर माणसांनी टिकाव आणि ढकलगाड्या घेऊन सुरुवात केली. गाड्या सुटल्या 1954 मध्ये. लांबी फक्त सव्वा किलोमीटर, पण आत उतार एकास दहा, भिंती खडबडीत, वरून ठिबकणारं पाणी. मी गिअर खाली घेऊन उतरले, ऑटोमॅटिकमध्येही ती सोय असते. बोगद्याच्या तोंडाशी थांबलो तर केआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट वायपरचं रबर उचकटायला आले. एक तर बॉनेटवर बसून जावईबापूंकडे मान वाकडी करून बघत होता, कंडक्टर सुट्टे मागताना बघतो तसा.

पलीकडे मिलफर्डला वर्षाला जवळपास सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सरळ उभे काळे कडे आणि जिकडे बघावं तिकडे धबधबे. बोटीत उभी होते, तोंडावर तुषार येत होते आणि मला आंबोलीचा वास आल्यासारखं वाटलं. तिथे फर्न आणि शेवाळं होतं, तरी.

असो. आता बाबा, तुमची पाळी. मी सातवीत होते, जुलैचे दिवस होते. तुम्ही ड्यूटीवरून दोन दिवस उशिरा आलात. आईला म्हणालात, गाडी पंक्चर झाली होती. खाकी शर्टाची उजवी बाही खांद्यापर्यंत लाल मातीने भरली होती आणि तुम्ही चप्पल न काढता ओट्यावर बसून राहिलात. आईने काही न विचारता चहा ठेवला. पंक्चर काढायला दोन दिवस लागत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या रात्री अंबा घाटात काय झालं होतं, ते आता लिहून पाठवा. अक्षरं मोठी काढा, आईलाही वाचायचंय.

तुमची,
ताई